लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीईटीचे निकाल लागले की हे प्रश्न सुरू होतात आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये पुन्हा येतात. एका छोट्या संस्थेची लॅपटॉपखरेदी आणि दुरुस्ती माझ्याकडे असल्यामुळे नातेवाईक, शेजारी आणि शेजाऱ्यांचे मेहुणे असे सगळ्यांचे फोन मला येतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. ही उत्तरं अभ्यास, ऑफिस, हिशेब, घरून काम अशा रोजच्या वापरासाठी आहेत. गेमिंगचं जग वेगळं आहे, त्यात मी पडत नाही.

थेट सांगा, सगळ्यात भरवशाचा ब्रँड कोणता?

थेट सांगायचं तर नुसत्या नावावर भरवसा ठेवण्यासारखा एकही नाही. २००९ साली अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने स्वतः वॉरंटी दिलेल्या ३० हजारांहून जास्त लॅपटॉपांचा हिशेब जाहीर केला होता. तीन वर्षांत आपोआप बिघडलेल्यांचं प्रमाण आसुसमध्ये सर्वांत कमी होतं, १५.६ टक्के. तोशिबा १५.७ टक्क्यांवर. त्यांच्यामागे सोनी, ॲपल, डेल, लेनोवो, एसर आणि गेटवे, आणि तळाला २५.६ टक्क्यांवर एचपी. पुढे सोनीने २०१४ मध्ये आपल्या वायो लॅपटॉपांचा धंदा विकून टाकला आणि तोशिबाने २०१८ मध्ये लॅपटॉपचा धंदा शार्पच्या हवाली केला. म्हणजे पहिल्या तिनातल्या दोन कंपन्या त्या बाजारातूनच उठून गेल्या. अशा याद्या किती दिवस जपायच्या ते तुम्हीच ठरवा.

त्या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, स्वस्तातले नेटबुक (छोटे, कमी ताकदीचे लॅपटॉप) महाग लॅपटॉपांपेक्षा जास्त बिघडत होते. दुसरी, पहिला नंबर आलेल्या कंपनीचेही दर सहा-सात लॅपटॉपांमागे एक तीन वर्षांत बिघडलाच. तेव्हा आपला बिघडू शकतो हे धरून चाला. बिघडल्यावर तो कोण, कुठे, किती दिवसांत आणि किती पैशांत दुरुस्त करणार, हे खरेदीच्या आधी कळू शकतं, आणि त्यासाठी कुठल्याही यादीची गरज लागत नाही. पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

मग सगळे ब्रँड आतून सारखेच असतात का?

बरंच काही सारखं असतं. क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन या तैवानी कंपन्या वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ब्रँडांचे लॅपटॉप बनवत आल्या आहेत. एकाच कंपनीच्या कारखान्यांतून दोन प्रतिस्पर्ध्यांचा माल बाहेर पडतो. सुटे भाग तर आणखी कमी हातांत आहेत. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या बॅटरी सेलमध्ये दोष निघाला तेव्हा डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या, ॲपलला १८ लाख, आणि लेनोवोही त्यातून सुटली नाही. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपमधल्या दोषाने डेल, एचपी, ॲपल अशा सगळ्यांच्याच लॅपटॉपांचे पडदे काळे पडले होते.

फरक कुठे पडतो? आराखडा किती पैसे वाचवून केलाय, पॅनलला किती जाड प्लॅस्टिक वापरलंय, पंखा आणि हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) केवढा दिलाय, आणि पाच वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळतील की नाही यात. हा फरक दोन कंपन्यांत असतो, पण एकाच कंपनीच्या दोन मालिकांत त्याहून मोठा असतो.

मालिका म्हणजे काय? दुकानदार तर फक्त “लेनोवो”, “डेल” म्हणतो.

तिथेच घोळ होतो. प्रत्येक मोठी कंपनी दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी लॅपटॉप बनवते. एक गिऱ्हाईक म्हणजे आपण, दुकानात किंमत बघून घेणारे. दुसरं म्हणजे मोठ्या कंपन्या, बँका, सरकारी खाती. ती एकदम पाचशे नग घेतात आणि त्यातले वीस बिघडले तर विक्रेत्याला फोनवर धारेवर धरतात. त्यांच्यासाठी बनवलेला माल मुळातच दुरुस्तीचा विचार करून बनवलेला असतो.

लेनोवोमध्ये आयडियापॅड हा घरगुती आणि थिंकपॅड हा व्यवसायाचा, थिंकबुक या दोन्हींच्या मधला. थिंकपॅड मूळचा आयबीएमचा. १९९२ मध्ये बाजारात आला आणि २००५ मध्ये आयबीएमच्या पीसी विभागासोबत लेनोवोकडे गेला. एचपीत पॅव्हिलियन आणि नुसते ‘एचपी १५’ घरगुती, तर प्रोबुक आणि एलिटबुक व्यवसायाचे. याच क्रमाने आसुसमध्ये व्हिवोबुक आणि एक्सपर्टबुक, एसरमध्ये ॲस्पायर आणि ट्रॅव्हलमेट. डेलमध्ये इन्स्पिरॉन घरगुती आणि लॅटिट्यूड व्यवसायाचा अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ही नावं मोडीत काढून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी नवी व्यवस्था जाहीर केली. आता लॅटिट्यूडची जागा ‘डेल प्रो’ने घेतली आहे एवढं लक्षात ठेवा.

व्यवसायाच्या मालिकेत मिळतं काय? तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं. कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खाली वाहून जावं म्हणून काही मॉडेलांत वाट केलेली असते. दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, अगदी कुठला स्क्रू आधी काढायचा इथपर्यंत. बॅटरी, कीबोर्ड, पंखा, बिजागरी हे भाग बाजारात बराच काळ मिळत राहतात, कारण तेच मॉडेल हजारो ऑफिसांत वापरात असतं.

एक सावधगिरी: व्यवसायाच्या मालिकेतही उतरंड आहे. थिंकपॅडची ‘ई’ मालिका आणि ‘टी’ मालिका यांच्या बांधणीत फरक आहे, तसाच प्रोबुक आणि एलिटबुकमध्ये. तरीही मला विचाराल तर त्याच किमतीच्या चकचकीत घरगुती मॉडेलपेक्षा ‘ई’ मालिकेतला थिंकपॅड किंवा प्रोबुक मी आधी बघेन. दिसायला तो जरा रुक्ष असतो. मुलं नाक मुरडतात.

पण मॅकबुक तर सगळ्यात टिकाऊ ना?

बांधणीला तोड नाही, हे मान्य. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली तेव्हापासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, म्हणजे बिघडणारा आणि धूळ ओढणारा एक भाग कमी झाला. बॅटरीसाठी ॲपल एक हजार चार्ज सायकलचा (एक सायकल म्हणजे एक पूर्ण चार्ज) आकडा देते. आणि विकायला काढला तर जुन्या मॅकला जो भाव येतो तो दुसऱ्या कुणाला येत नाही.

पण दोन गोष्टी बघून मगच निर्णय घ्या. चांगली कंपनीही वाईट मॉडेल काढते. २०१५ ते २०१९ या काळातल्या मॅकबुकांचा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड धुळीच्या कणाने अडकायचा. अमेरिकेत त्यावरून खटला झाला आणि २०२२ मध्ये ॲपलने ५ कोटी डॉलरवर तडजोड केली. भारतात सेकंडहँड बाजारात ते मॅकबुक अजून फिरताहेत, स्वस्त दिसले तरी हात लावू नका. दुसरं, दुरुस्ती. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि स्टोरेज दोन्ही पुढे वाढवता येत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर स्क्रीन किंवा आतला मुख्य बोर्ड गेला तर खर्चाचा आकडा ऐकून बसायला होतं. ॲपलकेअर प्लस (ॲपलचं वाढीव संरक्षण) घेण्याची ऐपत बजेटमध्ये धरूनच मॅक घ्या. मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३ पासून आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ पासून ॲपलची स्वतःची दुकानं आहेत. तुम्ही लातूरला किंवा गोंदियाला असाल तर अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे हे आधी शोधा.

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. मॅक चालेल का?

शाखेवर आहे. कॉम्प्युटर, आयटीला छान चालेल. मेकॅनिकल, सिव्हिल असेल तर विंडोजच घ्या, कारण सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मॅकवर चालणारी आवृत्तीच नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीसारखी हुबेहूब नाही. कॉमर्स आणि सीए करणाऱ्यांनीही विंडोज बघावं, टॅलीसाठी. आणि घाई करू नका. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची लॅब असते. सीनियर मुलं काय वापरतात ते विचारून मग घेतला तरी काही बिघडत नाही.

स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले म्हणतात. घ्यावा का?

२०२४ च्या मध्यापासून त्यांची नवी पिढी आली आणि ते बॅटरीला खरंच चांगले आहेत. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. यातली चिप आर्म जातीची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेची आहे. नेहमीचे बरेच प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र खास त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. तुमचा जुना प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, ई-निविदेसाठी वापरायचा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांचा असा ड्रायव्हर आहे का, हे त्या त्या कंपनीला विचारा. सेतू केंद्र किंवा सीएचं ऑफिस चालवणाऱ्यांनी ही जोखीम घेऊ नये असं माझं मत आहे.

दोन वर्षांत बिजागरी तुटली. कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही. हे सगळ्याच कंपन्यांत होतं का?

घरगुती मालिकांत बऱ्याच कंपन्यांत होतं. कारण समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी दुकानातच ओळखता येईल. बिजागरी धातूची असते आणि ती सहसा तुटत नाही. तिचे स्क्रू ज्या छोट्या पितळी नटांत बसतात ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. कालांतराने बिजागरी घट्ट होते किंवा आपण रोज एकाच कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडतो. सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो, प्लॅस्टिकला तडा जातो आणि एके दिवशी स्क्रीन उघडताना कडकन आवाज होऊन पॅनल फाकतं. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याची नोंद ‘फिजिकल डॅमेज’ अशी होते आणि वॉरंटी हात वर करते. आमच्या संस्थेतल्या एका घरगुती मॉडेलच्या लॅपटॉपांना ही एकच व्याधी होती. बाकी सगळं ठणठणीत, पण उघडायचे दोन्ही हातांनी आणि देवाचं नाव घेऊन.

दुकानात डेमो लॅपटॉप उघडा-मिटा. कीबोर्डचा एक कोपरा धरून उचला. अंग कुरकुरतंय का, वाकतंय का बघा. बिजागरीच्या मुळाशी, कीबोर्डच्या बाजूच्या पॅनलवर बोट दाबा. व्यवसायाच्या मालिकांत हा आधार बहुधा धातूच्या चौकटीला दिलेला असतो. घरी आल्यावर स्क्रीन नेहमी वरच्या कडेच्या मधोमध धरून उघडायची सवय लावा. आणि फट दिसू लागली की लगेच दुरुस्तीला टाका. त्या वेळी थोडक्यात भागतं. तशीच ओढत राहिलात तर स्क्रीनची केबल आणि काच दोन्ही जातात.

आमच्या तालुक्यात सर्व्हिस मिळेल का, हे कसं कळणार?

लॅपटॉपविषयी मला कुणी एकच प्रश्न विचारायचा तर तो हा विचारावा, पण तो क्वचितच येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून सेवा केंद्रं दिसतात, ती पहिली पायरी. पण नकाशावरचा ठिपका आणि प्रत्यक्षातलं काउंटर यांत फरक असतो. काही ठिकाणी नुसता लॅपटॉप जमा करून घेतात आणि पुण्या-मुंबईला पाठवतात. तेव्हा फोन करून तीन गोष्टी विचारा: दुरुस्ती तिथेच होते का, तुमच्या पिनकोडला माणूस घरी येतो का, आणि या मॉडेलची स्क्रीन किंवा बोर्ड यायला साधारण किती दिवस लागतात. उत्तर देणारा माणूस गुळमुळीत बोलला तर तेही उत्तरच आहे.

वॉरंटी दोन प्रकारची असते. ‘ऑनसाइट’मध्ये तंत्रज्ञ तुमच्याकडे येतो. ‘कॅरी-इन’मध्ये तुम्ही जायचं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला याचं महत्त्व वाटणार नाही, पण देवगड किंवा अहेरीहून लॅपटॉप घेऊन निघणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, आणि परत आणायला दुसरा दिवस. तुमच्या नेमक्या मॉडेलला कुठली वॉरंटी आहे हे कंपनीच्या पानावर बघा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणखी एक जुना उपाय. तुमच्या गावातला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचा जो चांगला रिपेअरवाला असेल, ज्याच्या टेबलावर दहा लॅपटॉप उघडे पडलेले असतात, त्याला गाठा आणि विचारा, “दादा, तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय येतं, आणि कशाचे पार्ट लगेच मिळतात?” तो स्वतःच्या अनुभवावरून तुम्हाला मॉडेलच सांगेल. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीत नेहरू प्लेस ही सुट्या भागांची मोठी ठिकाणं. गावोगावचे दुरुस्तीवाले तिथूनच माल मागवतात. जो भाग तिथे सहज मिळतो तो तुमच्या गावात दोन-चार दिवसांत येतो. नव्याने आलेल्या किंवा फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ब्रँडची अडचण इथेच होते. लॅपटॉप चांगला असेलही, पण त्याचा कीबोर्ड कुणाकडेच नसतो.

वॉरंटी वाढवून घ्यावी का?

महाग लॅपटॉपला घ्यावी. फक्त ती कंपनीची स्वतःची आहे ना, हे बघा. मोठ्या शोरूममध्ये बिल करताना जी ‘प्रोटेक्शन’ गळ्यात मारतात ती बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची असते आणि तिचे नियम निराळे असतात. कंपनीची वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे खरेदीच्या दिवशीच निर्णय घ्यायची सक्ती नसते. सेलमध्ये ती स्वस्तही मिळते. पडणं, पाणी सांडणं यासाठी वेगळं ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण असतं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांसाठी मी ते आधी घेईन.

लॅपटॉप घरी आला की सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा. दुकानात माल पडून राहिलेला असेल तर घड्याळ कधी कधी तुम्ही घेण्याआधीच सुरू झालेलं दिसतं. बिल पाठवलं की कंपनी तारीख दुरुस्त करून देते.

आय-५ म्हणजे आय-५च ना? मग स्वस्तातला का घेऊ नये?

प्रोसेसरच्या नावांत कंपन्यांनी जी गुंतागुंत करून ठेवली आहे ती बघून पंचांग सोपं वाटेल. एएमडीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ यांत तुम्हाला फरक दिसतो का? तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. पहिला २०१९ सालच्या झेन-२ रचनेवर आधारलेला आहे, दुसरा झेन-३ वर. वर दोघांवर ‘७०००’ मालिका आणि ‘रायझन ५’. इंटेलचंही तसंच. ‘कोअर आय-३ एन३०५’ नावाला आय-३ आहे, पण आत फक्त छोटे, वीज वाचवणारे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत. २०२३ च्या अखेरीस ‘कोअर अल्ट्रा’ आला आणि नावं पुन्हा बदलली.

टिकाऊपणाशी मात्र याचा संबंध कमी. प्रोसेसर जळालेला लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे क्वचित येतो. येतात ते बॅटरी, चार्जिंग पिन, बिजागरी, कीबोर्ड आणि पंखा यांचे. म्हणून एक पायरी खालचा प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे चांगल्या मालिकेत घातले तर ते जास्त वर्षं कामाला येतात.

रॅम किती, आणि ‘सोल्डर्ड’ म्हणजे काय?

आज नवा घेताना १६ जीबी घ्या. सोल्डर्ड रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती बदलता किंवा वाढवता येत नाही. आठ जीबी सोल्डर्ड आणि रॅम बसवायचा मोकळा स्लॉट (खाच) नाही, असा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. निदान एक स्लॉट हवा. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे ‘नंतर टाकू’ म्हणणाऱ्यांनी आधी रॅमची आजची किंमत विचारावी. एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क) बहुतेक विंडोज लॅपटॉपांत बदलता येते. महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे ठेवणं मात्र कुठल्याच ब्रँडने माफ केलेलं नाही.

‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं असतं, ते खरं का?

अमेरिकी लष्कराची चाचण्यांची एक नियमावली आहे, मिल-एसटीडी-८१०एच. त्यातल्या कुठल्या चाचण्या, कशा घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. त्या शब्दांसाठी दोन हजार जास्त देऊ नका.

४० हजारांत काय घेऊ?

नवाच हवा असेल तर घरगुती मालिकांतलाच मिळेल, वर सांगितलेल्या चाचण्या लावून त्यातला धट्टाकट्टा निवडा. स्क्रीन टीएन प्रकारची नको, आयपीएस प्रकारची हवी; ब्राइटनेस ३०० निट्सच्या (उजेडाचं एकक) आसपास असेल तर उत्तम, या किमतीत बहुधा २५० वर समाधान मानावं लागतं. विंडोजशिवाय येणारा लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात परवान्याचा खर्च मिळवून बघा. माझी स्वतःची पसंती मात्र या बजेटला रिफर्बिश्ड व्यवसायाच्या लॅपटॉपला आहे.

रिफर्बिश्ड म्हणजे जुनाच ना? फसवणूक होत नाही?

जुनाच. कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात, ते साफसूफ होऊन बाजारात येतात. मूळची बांधणी चांगली असल्यामुळे त्यांचं अजून बरंच आयुष्य बाकी असतं. थिंकपॅड टी१४, लॅटिट्यूड ५४२०, एलिटबुक ८४० ही नावं बाजारात सहज सापडतील.

फसवणूक होते, आणि ती ठरावीक ठिकाणी होते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला, काही अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ जबरदस्तीने बसवून विकतात. नुसतं मॉडेलचं नाव बघून भागत नाही: थिंकपॅड टी४८० बहुतांशी आठव्या पिढीचा, पण काही सातव्या पिढीचेही निघाले होते. सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा.

मग कुलूप. लॅपटॉप सुरू होताना बायॉसचा (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड आहे का बघा. शक्य असेल तर विंडोज नव्याने टाकून, इंटरनेटला जोडून सुरुवात करायला सांगा. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलं लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीतून काढलेला नाही. असा माल चोरीचाही असू शकतो. मॅकमध्ये याच कारणासाठी ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) तपासतात.

बॅटरीचं खरं वय विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसतं. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता यांची तुलना करा. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. टचपॅड वर उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे, तिथे घासाघीस करायची नाही, उठून यायचं. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी न देणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो ओळखीतला का असेना.

भाचा अमेरिकेहून येतोय. तिथून मागवू का?

अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. प्रश्न वॉरंटीचा. मॅकला भारतात सेवा मिळते. बाकी कंपन्यांच्या घरगुती मॉडेलांची वॉरंटी अनेकदा ज्या देशात विकलं त्याच देशापुरती असते, आणि तिथलं मॉडेल इथे विकलं जात नसेल तर भागही मिळत नाहीत. व्यवसायाच्या मालिकांत आंतरराष्ट्रीय सेवा असू शकते, खरेदीपूर्वी मॉडेल नंबर घालून तपासा. मॅक सोडून बाकी काही भाच्याच्या बॅगेतून आणू नये असं मी म्हणेन.

आम्ही कोकणात राहतो. हवेने खराब होतो का?

होतो. दमट, खारट हवेत पोर्ट आणि कीबोर्डखालचे संपर्क गंजतात, आणि ही बाब गोव्यालाही लागू आहे. बंद करून महिनोन्महिने कपाटात ठेवलेला लॅपटॉप रोज वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपपेक्षा लवकर जातो. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रोज थोडा वेळ चालू ठेवा. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ब्रँडला दोष देण्याआधी घराचं अर्थिंग तपासा.

सतत चार्जिंगला लावून ठेवलं तर चालतं?

कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करा आणि लावून ठेवा.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?

किंमत ऑनलाइन कमी, पण पूर्ण मॉडेल नंबर जुळवून बघा. एकाच नावाखाली वेगळी स्क्रीन, वेगळी रॅम असे अनेक प्रकार विकले जातात. व्यवसायाच्या मालिका मॉलमधल्या शोरूममध्ये फारशा दिसत नाहीत, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शहरातल्या कॉम्प्युटर डीलरकडे मागाव्या लागतात. धंद्यासाठी घेत असाल तर फर्मच्या नावाने जीएसटी क्रमांक टाकून बिल घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळतं.

कंपनी दादच देत नाही. तक्रार कुठे करू?

फोनवरची बोलणी टिकत नाहीत, सगळं ई-मेलवर आणा आणि प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप देताना जॉबशीटवर त्याची अवस्था लिहून घ्या आणि चारही बाजूंचे फोटो काढा, म्हणजे ‘हा ओरखडा आधीचाच’ हा वाद उरत नाही. त्यानंतरही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे नोंद झाल्यावर बऱ्याच कंपन्यांचा सूर बदलतो. तेवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. सोबत बिल, जॉबशीट आणि ई-मेलच्या प्रती जोडा.